होय म्हणणाऱ्यांची नावं

मंगळवार, २५ मार्च २०२५

खासदारांचा पगार वाढला. काल अधिसूचना निघाली, आज पेपरात आली. पगार १ लाखाचा १ लाख २४ हजार, दैनिक भत्ता २,००० चा २,५००, आणि माजी खासदारांची पेन्शन २५ हजारांवरून ३१ हजार. पाच वर्षांपेक्षा जास्त खासदारकी झाली असेल तर पुढच्या प्रत्येक वर्षामागे महिन्याला २,५०० रुपये वेगळे. शिवाय हे सगळं १ एप्रिल २०२३ पासून लागू, म्हणजे दोन वर्षांची थकबाकीही आलीच.

हे चहा पिता पिता म्हणाले, "तीस वर्षं खासदारकी केलेल्या माणसाचा हिशेब कर बघू." जन्मभर हिशेबच केले, पेपरच्या कडेलाच करून टाकला. पाच वर्षं वजा जाता पंचवीस, गुणिले अडीच हजार, अधिक ३१ हजार. महिना ९३,५००.

माझी पेन्शन प्रॉव्हिडंट फंडवाली, तीन हजारांच्या आतली. ह्यांची त्याहून कमी. ही पेन्शन मिळायला किमान दहा वर्षं नोकरी लागते. खासदाराला कितीही काळ चालतो. आणि आमची एकदा जी ठरली ती ठरली. तेल महाग होवो, गोळ्या महाग होवोत, तिला काही पडलेली नाही. ज्यांची फारच कमी बसते त्यांना सरकार किमान १,००० रुपये देतं. हा हजाराचा आकडा सप्टेंबर २०१४ मध्ये ठरला, आजही तोच आहे.

तरी ९३ हजारांवर माझा राग नाही. खासदाराला पेन्शन असूच नये, हे म्हणणं मला पटत नाही. आमच्या सासऱ्यांकडून होमी दाजींबद्दल खूप ऐकलंय. मिल कामगारांचा पुढारी, १९६२ साली इंदूरहून लोकसभेत गेला. तेव्हा खासदारांना पेन्शन नव्हती, ती १९७६ साली सुरू झाली. अशा माणसाला म्हातारपणी दोन घास नीट मिळावेत म्हणून पेन्शन असेल तर माझ्या करातून खुशाल द्या. ती नसेल तर फक्त ज्यांच्या घरी आधीच गडगंज आहे तेच निवडणुकीला उभे राहतील. (तसेही आता तेच राहतात, पण ते असो.)

मला खुपतं ते वेगळंच. ही वाढ कोणी मागितली नाही. मागावीच लागत नाही. २०१८ च्या अर्थ विधेयकात तशी सोयच करून ठेवली आहे: दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढ. त्याच वेळी पगार ५० हजारांचा लाख झाला. तेव्हाचे अर्थमंत्री जेटलींनी बजेटच्या भाषणात कारण दिलं होतं, की खासदार स्वतःचा पगार स्वतःच वाढवून घेतात अशी टीका होते, म्हणून ही पद्धत. कारण वाईट नाही. पण ते विधेयक मंजूर कसं झालं? १४ मार्च २०१८, सभागृहात गोंधळ, चर्चा शून्य, गिलोटिन लावलं (म्हणजे चर्चा न करता सगळं एकदम मताला टाकलं) आणि आवाजी मतदानाने मंजूर. आवाजी मतदानात नावं लागत नाहीत. कोणी मत विभागणी मागितली तरच कोण होय म्हणालं, कोण नाही, ते कागदावर येतं. त्या दिवशी कागदावर काहीच आलं नाही.

आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर कोण होतं? आमच्याच ताई. सुमित्राताई महाजन, चिपळूणची मुलगी, इंदूरची सून, १९८९ पासून सलग आठ वेळा निवडून आलेल्या. २०१४ मध्ये त्या लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा इथे इंदूरच्या रामबागेत पेढे वाटले होते, मीही खाल्ले. पण अध्यक्षाला मत नसतं. दोन्ही बाजूंची मतं समसमान झाली तरच ते द्यायचं असतं. म्हणजे २०१४ ते २०१९ इंदूरला मान भरपूर होता, पण मोजायला मत नव्हतं. हे आज हिशेब करताना पहिल्यांदा डोक्यात आलं.

गुरुवार, २७ मार्च

ह्यांचा हयातीचा दाखला संपत आला होता, म्हणून सकाळी कोपऱ्यावरच्या ऑनलाइनवाल्याकडे गेलो. ह्यांनी पीथमपूरला कारखान्यात लेथवर काम केलं. अंगठ्यावरच्या रेषा तिथेच गेल्या. मशीनच्या काचेवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पोराने काच शर्टाच्या टोकाने पुसली, ह्यांचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला, मग दुसरा अंगठा, मग तर्जनी. "बाबूजी, ज़ोर से नहीं, हल्के से." लाल दिवा. मागे रांगेतल्या बाई म्हणाल्या, थोडं खोबरेल लावा. शेवटी त्याने मोबाइल ह्यांच्या चेहऱ्यासमोर धरला आणि पापणी मिटून उघडायला सांगितली. पापणीवर काम झालं. एवढा उपद्व्याप महिन्याला दोन हजारांच्या आतल्या रकमेसाठी. बाहेर येऊन हे म्हणाले, "चल, पोहे खाऊ," आणि जिरावण, आमचा इंदुरी मसाला, जरा जास्तच घातलं.

पोह्यांवरून गेल्या वर्षीचं मतदान आठवलं, १३ मे. त्या दिवशी छप्पन दुकान ह्या खाऊगल्लीत सकाळी लवकर मत देऊन येणाऱ्यांना पोहे-जलेबी फुकट होती. मत कोणाला द्यायचं हा प्रश्न मात्र २९ एप्रिललाच निकालात निघाला होता. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या अक्षय कांति बम यांनी अर्ज मागे घेतला आणि भाजपमध्ये गेले. दुसऱ्या पक्षाला मत देणाऱ्यांचं मत, मतदानाआधीच हवेत. मी काँग्रेसवाली नाही. घरात कधी कमळ, कधी पंजा, ज्याचं त्याने बघावं. पण कोणाला द्यायचं ते मी ठरवणार ना? मी नोटा दाबलं, 'वरीलपैकी कोणी नाही'चं बटण. माझ्यासारखे २,१८,६७४ निघाले. भारतात तोपर्यंत कुठल्याच मतदारसंघात एवढा नोटा पडला नव्हता. शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांच्या फरकाने निवडून आले.

नोटा पहिला आला असता तरी निवडून तेच येणार होते, तसा नियमच आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बटण दिलं ते नापसंती नोंदवायला. नोंद झाली. मला त्यात समाधान आहे, हसायचं तर हसा. माझं मत कोणाच्या उपयोगी पडलं नाही, पण त्या आकड्यातला शेवटचा चार मीच आहे असं समजून मी झोपले होते.

सासऱ्यांची आठवण ह्याच वेळी का यावी कळत नाही. ते हुकुमचंद मिलचे. मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. रविवारी धुतलेला सदरा घालून मिलच्या गेटवर जायचे, थकबाकीचं काय झालं ते ऐकायला. परत आले की आई विचारायच्या नाहीत, ताट वाढायच्या. कामगारांचे २२४ कोटी २५ डिसेंबर २०२३ ला मिळाले. बत्तीस वर्षं! तोवर सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या बत्तीस वर्षांत कुठल्या निर्देशांकाने कोणाचं काही आपोआप वाढलं नाही.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला, ह्यांनी तोंड वाकडं केलं. श्रीखंड घरीच, चक्का काल रात्रीच बांधला होता.

वडोदऱ्याहून वन्सं बोलल्या. पेन्शनचा विषय मीच काढला. म्हणाल्या, "आमच्या गुजरातेत माजी आमदाराला पेन्शनच नाही, वहिनी. त्यावाचून कोणाचं काही अडत नाही. उभं राहायला तरीही मारामारी." पंजाबनेही २०२२ मध्ये कितीही वेळा आमदार झाला तरी पेन्शन एकच असा कायदा केला. म्हणजे करता येतं.

मे महिन्यात त्या येताहेत, आम्ही तिघं मुंबईला जाऊ. तिकिटाचं बघितलं तेव्हा परत तोच काटा रुतला. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये करोनात बंद केली, बायकांना निम्मं भाडं असायचं, ती परत आलीच नाही. माजी खासदार मात्र सोबत एक माणूस घेऊन एसी टू टियरने फुकट जाऊ शकतात, एकटे असतील तर फर्स्ट एसीने. करोना त्या पासापर्यंत पोचला नाही.

दुपारी ग्वाल्हेरहून दादाचा फोन. माझं माहेर तिथलं. तो ह्या सगळ्यावर हसतो, कारण त्यांनी पाहिलंय ते आम्ही इंदूरवाल्यांनी पाहिलेलं नाही. ग्वाल्हेर पूर्वमध्ये २०१८ ला काँग्रेसच्या मुन्नालाल गोयलांनी भाजपच्या सतीश सिकरवारांना हरवलं. मार्च २०२० मध्ये २२ आमदारांनी राजीनामे दिले, कमलनाथांचं सरकार पडलं, नोव्हेंबरात पोटनिवडणूक लागली. तेव्हा गोयल भाजपकडून उभे आणि सिकरवार काँग्रेसकडून! माणसं तीच, चिन्हं अदलाबदल. जिंकले सिकरवार. दादा म्हणतो, "आम्ही संगीत खुर्ची बघून मत दिलं."

जेवण झाल्यावर मी ह्यांना माझी मागणी सांगितली. पेन्शन द्या, वाढही द्या, पण ती आपोआप नको. दर वेळी सभागृहात मांडा, आणि त्यावर नावानिशी मतदान घ्या.

"व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघेल," हे म्हणाले. "१९८५ पासून व्हिपविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जातं. सगळे एका सुरात होय म्हणतील. तुला काय मिळालं?"

"यादी."

"यादीचं काय करशील?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू. पण गोंधळात होय म्हणून बसणं वेगळं आणि इंदूरच्या नावापुढे होय लागणं वेगळं, इतकं मला कळतं. पुढच्या वेळी दारात मत मागायला आले की काय विचारायचं ते तरी हातात राहील.

पत्र लिहिलंय, खासदारांच्या कार्यालयाला. हिंदीत, दोन पानं झाली. त्यात अंगठ्याची गोष्ट आणि रेल्वेचा पास दोन्ही आलं होतं. हे म्हणतात पास ठेव, अंगठा काढ, नाहीतर रडगाणं वाटेल. अंगठा काढला. उद्या ईदची सुट्टी, पोस्ट बंद. परवा रजिस्टरने टाकीन, पोचपावती हवी.