तळ्यातला पारा माणसाचाच, हे कशावरून?

तळ्यांच्या गाळावर काम करते म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो: "पारा तर खडकात असतो, ज्वालामुखीतूनही येतो. मग तळ्याच्या बुडाशी सापडलेला पारा माणसानं सोडला, हे कशावरून?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते.

पेरू देशात, अँडीजच्या डोंगरांत हुआनकाव्हेलिका नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगराच्या पोटात हिंगूळ आहे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक मिळून झालेलं लालभडक खनिज. आपल्याकडचे वैद्य आणि चित्रकार ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. गावाजवळच्या तळ्यांत नळी खुपसून काढलेल्या गाळाचा अभ्यास कॉलिन कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. गाळ थरावर थर बसत जातो, खालचा जुना, वरचा नवा. वरच्या थरांचं वय किरणोत्सर्गी शिशावरून काढतात. ते साधारण २२ वर्षांत निम्मं होतं, म्हणून शे-दीडशे वर्षांपलीकडे त्याचा भरवसा नाही. त्याखाली कार्बन-१४, म्हणजे कार्बनचं किरणोत्सर्गी रूप, लागतं.

त्या गाळात पारा चढायला लागतो तो इसवी सनपूर्व १४०० च्या सुमाराला. म्हणजे स्पॅनिश लोक तिथे उतरायच्या जवळजवळ तीन हजार वर्षं आधी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडा चुकला असेल म्हणून पान पुन्हा उघडलं होतं.

आता तुमचा प्रश्न. पावसानं डोंगर जास्त झिजला असता, तर पाऱ्याबरोबर खडकातली बाकीची मूलद्रव्यंही वाढली असती. म्हणून ती शेजारी ठेवून पाहावीच लागतात. पण मला सर्वांत पटतो तो पुरावा वेगळाच आहे: पारा कोणत्या रूपात आहे, हा. जुन्या थरांत तो मुख्यतः हिंगुळाची धूळ म्हणून आहे. लाल रंगासाठी दगड फोडला, कुटला, की धूळ उडते आणि जवळच्याच तळ्यात बसते. ही वाढ इसवी सनपूर्व ५०० च्या आसपास, पेरूतल्या प्राचीन चाविन संस्कृतीच्या भरात, शिगेला पोचते. मग इसवी सन १४५० च्या सुमाराला अँडीजमधल्या इंका साम्राज्यानं तो मुलूख घेतला आणि खनिज भट्टीत भाजायला सुरुवात झाली. तेव्हापासून गाळातल्या पाऱ्याचं रूप बदलतं आणि तो सुमारे २२५ किलोमीटर दूरच्या तळ्यातही सापडू लागतो. कुटलेल्या दगडाची धूळ एवढ्या लांब जात नाही, भट्टीतून निघालेला पारा मात्र जातो. हा बदल ज्वालामुखीच्या माथी कसा मारायचा?

पुढे स्पॅनिशांनी त्याच पाऱ्यावर आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीची चांदी काढली. दळलेल्या खनिजात पारा कालवायचा, तो चांदीला धरून ठेवतो. मग तापवून पारा उडवायचा, चांदी उरते. हुआनकाव्हेलिकाच्या पाऱ्याच्या खाणीत गावोगावचे आदिवासी वेठीला धरलेले. त्या खाणीला लोक 'मरणाची खाण' म्हणत.

प्रयोगशाळेत गाळातला पारा मोजताना मला हेच आठवत राहतं. वाळवलेला गाळ तापवला की पाऱ्याची वाफ होते आणि यंत्रातलं सोनं ती पकडतं. सोनं तापवलं की पारा सुटतो, मग मोजला जातो. चांदीवाल्यांची हीच युक्ती. छोट्या सोन्याच्या खाणींत आजही ती उघड्यावर चालते, आणि जगात हवेत सोडल्या जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा तिथूनच येतो.

गाळात गेलेला पारा तिथे स्वस्थ बसतो असंही नाही. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू त्याचा मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं एक विषारी रूप, करतात. तो माशांत साठतो आणि माशांतून माणसांत येतो.

हुआनकाव्हेलिकात तर माशांपर्यंतही जावं लागत नाही. तिथली पुष्कळ घरं तिथल्याच मातीच्या कच्च्या विटांची आहेत आणि त्या भिंतींमध्ये पारा सापडला आहे. लोक अजून त्याच घरांत राहतात, तिथेच त्यांची मुलं रांगतात.