लोन पाइन: बड बेटिकरचे खडक पाहायला जाणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाला जाऊन जीपची टूर घेऊ नका. मी घेतली. 'सगळी वेस्टर्नची (काउबॉयपटांची) ठिकाणं दाखवतो' असं कबूल करून भरपूर डॉलर मोजून घेतले आणि आम्ही भारतीय दिसल्यावर गाडी थेट 'गंगा दीन' या चित्रपटाच्या जागेकडे वळवली. १९३८ साली हॉलिवूडने आपला वायव्य सरहद्द प्रांत इथेच उभारला होता, देवळाच्या सेटसकट. ते ठीक. पण मी आलो होतो दिग्दर्शक बेटिकरसाठी, आणि त्याचं नाव घेतल्यावर गाइडला काही उमगेना. पुढे कुठल्याशा सुपरहिरोच्या चित्रपटाची जागा दाखवली, फोटो काढले, टूर संपली.

बड बेटिकर (१९१६–२००१) हा तरुणपणी मेक्सिकोत बैलझुंज शिकलेला माणूस. त्याच विद्येवर हॉलिवूडमध्ये सल्लागार म्हणून शिरला. १९५६ ते १९६० या काळात रँडॉल्फ स्कॉट या नटाला घेऊन त्याने एकामागून एक वेस्टर्न केले. त्यातले 'सेव्हन मेन फ्रॉम नाउ', 'द टॉल टी', 'राइड लोनसम' आणि 'कोमँची स्टेशन' हे चार इथल्या अलाबामा हिल्स या खडकाळ टेकड्यांमध्ये चित्रित झाले. सव्वा तासाच्या आसपासचे चित्रपट, पैसा बेताचा, माणसं मोजकी. चारही चित्रपटांचं लेखन बर्ट केनेडीचं. टीव्हीवरच्या 'मॅव्हरिक'चे १९५७ मधले पहिले तीन भागही बेटिकरचेच. नंतर कार्लोस अरुझा या बैलझुंजाऱ्यावरच्या माहितीपटापायी त्याची उमेदीची कित्येक वर्षं मेक्सिकोत गेली. वेस्टर्न म्हटलं की दिग्दर्शक जॉन फोर्डचं नाव सगळे घेतात. माझ्या मते इतक्या थोडक्या सामग्रीत इतकं मोठं काम फोर्डनेही केलं नाही.

आता रस्ता. लॉस एंजेलिसहून ३९५ नंबरच्या हायवेने साडेतीन तास, काही त्रास नाही. गावातून व्हिटनी पोर्टल रोडने वर आलात की उजवीकडे मूव्ही रोड लागतो. 'कुठलीही गाडी जाते' असं मला भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर छातीठोकपणे सांगितलं होतं. थोडं डांबर संपलं की कच्चा रस्ता, आणि तो पन्हाळी पत्र्यासारखा. आडव्या वळ्या एकामागून एक, मधेच भुसभुशीत वाळू. सेडानचं पोट दोनदा घासलं. हळू चालवली तर दात वाजतात, वेग वाढवला तर वळणावर गाडी सरकते. वर भाड्याच्या करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की कच्च्या रस्त्यावरचं नुकसान तुमच्या माथी. ते काउंटरवरच वाचा. उंच गाडी नसेल तर डांबर संपण्याआधी गाडी लावा आणि चालत निघा. खरं तर चालतच जा. गाडीतून हे खडक कळत नाहीत.

पहाटेच जा. सिएरा नेवाडा पश्चिमेला असल्यामुळे सकाळचं ऊन समोरून पर्वतावर पडतं आणि खडक सोनेरी होतात. संध्याकाळी सूर्य लवकर डोंगराआड जातो आणि सगळं सपाट दिसतं. समोर सर्वांत उंच वाटतो तो माउंट व्हिटनी नव्हे, लोन पाइन पीक. १४,५०५ फुटांचा व्हिटनी मागे आहे, म्हणून बुटका दिसतो.

चित्रपट आदल्या रात्री पुन्हा पाहून जा. दोन खडकांमधली एखादी फट दिसते आणि वाटतं, स्कॉट आत्ता इथून घोडा घालेल. 'सेव्हन मेन'मध्ये खलनायक ली मार्व्हिनशी शेवटची गाठ पडते ती असल्याच खडकांत. मी तिथे उभा राहिलो तेव्हा अंगावर काटा आला, आणि टूरचे पैसे गेल्याचा राग तेवढ्यापुरता विसरलो. पुढे मागे दहा पावलं सरकलं की तीच जागा वेगळी खिंड होते. बेटिकरला एवढ्याशा टापूत अख्खा प्रदेश कसा सापडला, ते तिथे पायांना कळतं. 'राइड लोनसम'मधलं फाशीचं झाड मात्र शोधत बसू नका, ते चित्रपटाच्या शेवटी जाळलंच आहे.

मोबियस या नैसर्गिक दगडी कमानीपाशी गर्दी असते. घाईत असाल तर सोडा. गावातलं वेस्टर्न चित्रपटांचं संग्रहालय चांगलं आहे, तासभर पुरे. खडकांत पाणी नाही, सावली नाही. जुलैत पारा चाळिशीच्या आसपास जातो, म्हणून माणशी तीन लिटर पाणी घ्या. रॅटलस्नेक असतात, कपारीत हात घालू नका. तंबू ठोकायचा असेल तर परवाना आधी काढा. ऑक्टोबरात गावात चित्रपट महोत्सव असतो, त्या आठवड्यात खोली हवी असेल तर काही महिने आधीच बुकिंग करा.