राकेशचं हवामान

कुत्रा असो, मांजर असो की पोपट, पाळायचा तर पिल्लूच आणावं असं सगळे सांगतात. म्हणजे ते आपल्या वळणाचं होतं म्हणे. (सुनांच्या बाबतीतही पूर्वी हाच हिशेब असायचा, पण तो विषय इथे नको.) आमच्याकडे आला तो मात्र पूर्ण वाढलेला, दीड फुटाचा, स्वतःची ठाम मतं असलेला बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा. भाचा शिकायला जर्मनीला निघाला, त्याच्या आईने ‘सरड्याचं तुझं तू बघ’ असं जाहीर केलं, आणि काचेची पेटी, दिवे, लाकडाचा ओंडका आणि ओंडक्यावरचा मालक असं सगळं बिऱ्हाड टेम्पोतून नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या हॉलमध्ये येऊन थडकलं. नाव रॉकी. सासूबाईंच्या तोंडी दुसऱ्याच दिवशी त्याचा राकेश झाला.

सोसायटीत बातमी गेली ती ‘तिसऱ्या मजल्यावर घोरपड आणलीय’ अशी. घोरपड पाळणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसलेली आहे. त्यामुळे सेक्रेटरी काका काळजीने वर आले. त्यांना सांगितलं, काका, हा मूळचा मध्य ऑस्ट्रेलियातला. तो देश कित्येक दशकं आपले प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. जगभर घरोघरी आहेत ते पेट्यांमध्येच जन्मलेल्यांची पोरं-नातवंडं. राकेशने वाळवंट पाहिलेलं नाही, त्याच्या आजोबांनीही बहुधा नसेल. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा घेतला आणि जाताना दारात विचारलं, “तानाजीने दोर बांधला तो हिलाच ना?”

मोठं जनावर घरी आणण्यातली गंमत अशी की त्याला भूतकाळ असतो आणि तो सांगता येत नाही. राकेशच्या मागच्या पायाचं एक बोट नाही, शेपटीचं टोक बोथट आहे. पिल्लं दाटीवाटीने ठेवली की ती एकमेकांचे पाय-शेपट्या चावतात. पालीची शेपटी तुटली तर नवी फुटते, याची फुटत नाही. म्हणजे याचं बालपण कुठल्यातरी गर्दीत गेलं असणार. भाच्याकडे आला तेव्हाच तो वर्षभराचा होता, त्याआधीचं त्यालाही ठाऊक नाही. बाकी तब्येत ठीक. जबडा घट्ट, पाय सरळ, डोक्यावरच्या चरबीच्या गाद्या भरलेल्या. त्या खोल गेल्या तर समजायचं की जनावर उपाशी आहे किंवा अंगातलं पाणी कमी झालंय. विष्ठा तपासून घेतली, जंत नव्हते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, ते साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरलं. तो काटा आता स्वयंपाकघरात परत येणार नाही, असं सासूबाईंनी बजावलं.

आल्यावर कितीतरी दिवस तो जेवलाच नाही. पोटावर काळे पट्टे, हनुवटीखालची दाढी काळी कुळकुळीत, आणि दिवसभर काचेला पुढचे पाय घासत उभं राहणं. जागा बदलली की मोठे ड्रॅगन असंच करतात. धडधाकट असेल तर आठवडा-दोन आठवडे न खाता काढतो, पाणी तेवढं हवं. हे मला माहीत होतं, पण घरात कुणी उपाशी आहे हे सासूबाईंना सहन होत नाही. त्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसायच्या. भाच्याने बजावून ठेवलं होतं, “मावशी, त्याचं जुनं फडकं धुऊ नकोस, त्याला उचलू नकोस, आणि वरून तर हात घालूच नकोस.” याच्या डोक्यावर मधोमध एका फिकट खवल्याखाली तिसरा डोळा असतो. चित्र दिसत नाही त्याला, उजेड आणि सावली तेवढी कळते. वरून सावली पडली म्हणजे शिकारी पक्षी आला, एवढं या डोळ्याचं ज्ञान. म्हणून जवळ जायचं ते समोरून आणि खालून. परिणामी, सत्यनारायणाला खाली बसताना ज्यांचे गुडघे दुखतात ते आमचे हे रोज सकाळी हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून सरड्याशी बोलतात.

कुत्र्याला माया लागते, मांजराला मान लागतो. याला लागतं हवामान. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ४० अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २५ ते २८, आणि मधे त्याने स्वतःच्या मर्जीने फिरायचं. खाल्लेलं पचवायची ऊबही याला बाहेरूनच घ्यावी लागते. गारठला तर पोटातला पाला पोटातच पडून राहतो. तापला की तोंड उघडं टाकून बसतो आणि पाहुण्यांना वाटतं, आपल्यावर चिडलाय. वाळू मी घातली नाही; ती पोटात जाऊन आतडी तुंबू शकतात. फरशीच्या दुकानातून कडप्प्याचा उरलेला तुकडा आणला. तो तापतोही छान आणि त्यावर नखंही घासली जातात.

एप्रिलमध्ये नाशिक आपणहून मदत करतं. खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात. रात्री पेटी १८-२० च्या खाली जाऊ नये म्हणून मी गोधडी, थर्मोस्टॅट आणि उजेड न पाडणारा सिरॅमिकचा हीटर असा सगळा पसारा मांडते. नातेवाइकांत याची यथेच्छ चेष्टा झाली. हसला नाही तो एकटा पिंपळगाव बसवंतचा मामेभाऊ. त्याची द्राक्षं आहेत. कडाक्याच्या रात्री मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून तो बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे उठून विहिरीचं पाणी सोडतो, दर तासाला पारा बघतो. पेटीतला तापमापक त्याने वाकून पाहिला, हीटरची वायर कुठून कुठे गेलीय ते विचारलं आणि म्हणाला, “ताई, तू एका सरड्यासाठी करतेस ते मी दोन एकरांसाठी करतो. झोप तुलाही नाही, मलाही नाही.” त्यानंतर थंडीभर आमचे पहाटेचे मेसेज चालू होते. त्यात ‘कशी आहेस’ वगैरे काही नसायचं, फक्त आकडे.

दिव्यांचं प्रकरण मात्र फसवं आहे. ऊब देणारा दिवा वेगळा आणि अतिनील किरणांची नळी वेगळी. त्या किरणांशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसेल तर कॅल्शियम हाडांत जात नाही, आणि मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे कामाचं नाही, काच ते किरण अडवते. आणि नळी लख्ख पेटलेली दिसली तरी तिच्यातला हा गुण सहा महिने-वर्षभरात उतरून गेलेला असतो. म्हणून आमच्या नळीवर ह्यांनी मार्करने तारीख घातली आहे. आमच्या लग्नाची तारीख त्यांना दरवर्षी मी सांगते.

खाण्यात मोठा ड्रॅगन बराचसा शाकाहारी. पाला-भाजी जास्त आणि किडे आठवड्यातून एक-दोनदा. पिल्लांचं नेमकं उलट असतं. शेवग्याचा कोवळा पाला, किसलेला लाल भोपळा, आणि जीव की प्राण म्हणजे जास्वंदीचं फूल. पालक नाही, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. द्राक्ष क्वचित, अर्धं, स्वच्छ धुतलेलं. मामेभाऊ पेटी पाठवतो त्यातली आम्हीच संपवतो. गणपतीची जास्वंद आणि राकेशची जास्वंद यावरून सासूबाईंनी कुंडीवर खडूने रेघ मारून वाटणी केली आहे. त्यांची बाजू मोठी आहे, पण त्यांच्याच बाजूची फुलं पेटीत जाताना मी पाहिली आहेत.

किड्यांचं म्हणाल तर ज्या घरात दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोल व्हायचं, त्याच घरात आता अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये राकेशच्या जेवणासाठी डुबिया जातीची झुरळं गाजर खाऊन वाढतायत. घरचं झुरळ द्यायचं नाही, त्याच्या पोटात औषध गेलेलं असू शकतं. आणि काजवा तर मुळीच नाही. काजव्यांतल्या विषाने ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत, एकसुद्धा पुरतो. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघून आलो की कपडे गॅलरीतच झटकून घरात यायचं, हा नवा नियम.

तो मला ओळखतो का, हे सगळे विचारतात. माझं मत विचाराल तर हा प्रश्न जरा लाडावलेला आहे. राकेश कधीकधी पुढचा पाय सावकाश गोल फिरवतो. ‘तू मोठा, माझ्या वाटेला जाऊ नको’ असा तो निरोप असतो. सासूबाईंना वाटतं टाटा करतोय, त्याही करतात. कुरवाळल्यावर डोळे मिटतो, त्याला लोक प्रेम म्हणतात. बऱ्याचदा तो ‘आता पुरे’ म्हणत असतो. हात लावून झाला की साबणाने धुवायचा, कारण यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. एवढ्यावर काय ती माया.

पण झोपेचं मात्र मला अजून नवल वाटतं. २०१६ साली फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी याच जातीच्या झोपलेल्या ड्रॅगनच्या मेंदूत, आपल्याला ज्या टप्प्यात स्वप्नं पडतात तसल्या झोपेच्या खुणा टिपल्या. आपलं झोपेचं एक आवर्तन दीड तासाचं, यांचं जेमतेम ८० सेकंदांचं. रात्रीत शेकड्यांनी होतात. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “मग बोट कुणी चावलं ते आठवत असेल त्याला.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परवा भाच्याचा व्हिडिओ कॉल होता. शिक्षण संपलं की तिकडेच नोकरी बघणार, आणि कागदपत्रं जमवून रॉकीला घेऊन जाणार म्हणाला. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

“तिकडे बर्फ पडतो ना रे?”

“आजी, इथे प्रत्येक घरात हीटर असतो.”

“हीटर असेल. जास्वंद आहे का?”