दर गुरुवारी फुगणारा बॅकअप : माझा अनुभव

बॅकअपचा प्रोग्रॅम आणि डीफ्रॅगमेंटेशनचा, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे सलग मांडण्याचा प्रोग्रॅम एकाच संगणकावर नांदणार असतील, तर त्यांची निवड एकत्र विचार करूनच करावी लागते. ही गोष्ट मला या दोन्हींपैकी एकाही प्रोग्रॅमच्या पडद्यावर किंवा माहितीपत्रकात आढळली नाही. ती मला स्वतः शोधून काढावी लागली, आणि ज्या कंपनीने तिचे उत्तर पहिल्याच पत्रात द्यायला हवे होते तिने मला इतके टोलवले की त्याचा राग अजून पुरता निवळलेला नाही.

मी घरून अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाची कामे करते. संगणक साधा, जोडून घेतलेला आहे. विंडोज आणि सगळे प्रोग्रॅम २४० जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर आहेत, आणि कामाच्या फाइली, घरातली छायाचित्रे व स्कॅन केलेले सातबारे १ टीबीच्या हार्ड डिस्कवर, म्हणजे डी ड्राइव्हवर आहेत. दिवाळी अंकांची पाने येऊ लागली की याच डिस्कवर दिवसभर घाव पडत असतात, म्हणून यंदा हंगाम सुरू होण्यापूर्वी बॅकअपची नीट व्यवस्था लावायचे ठरवले. त्यासाठी २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली, त्यात काही अडचण आली नाही. फक्त ती संगणकाच्या यूएसबी ३ पोर्टलाच जोडावी. या पोर्टची आतली पट्टी बहुधा निळी असते. यूएसबी २ च्या पोर्टला जोडल्यास दोन तासांत होणारी प्रत पाच-सहा तास चालते.

प्रोग्रॅम निवडताना प्रथम विंडोजमध्ये काय आहे ते पाहिले. विंडोज ८ पासून आलेली ‘फाइल हिस्टरी’ चांगली आहे, परंतु ती मुख्यतः डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरलेल्या फोल्डरांपुरतीच पाहते, बाकीचे आपल्याला सांगून जोडावे लागते आणि विंडोज बसवलेली संपूर्ण डिस्क ती परत उभी करून देत नाही. मला संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे इमेज हवी होती. जुन्या सल्ल्यांमध्ये यासाठी मॅक्रियम रिफ्लेक्टच्या मोफत आवृत्तीचे नाव सर्रास सापडते, पण ती आवृत्ती जानेवारी २०२४ पासून बंद झालेली आहे, त्यामुळे ते सल्ले वाचताना त्यांची तारीख आधी पाहावी. क्लोनझिला मोफत आहे आणि दमदारही आहे, मात्र त्यासाठी विंडोज बंद करून पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा लागतो आणि सगळे काम अक्षरी पडद्यावर चालते, त्यामुळे रोजच्या बॅकअपसाठी ते गैरसोयीचे आहे. व्हीम या कंपनीच्या ‘एजंट’ या बॅकअपच्या मोफत प्रोग्रॅमचाही विचार केला होता. शेवटी, अडले तर विचारायला कोणीतरी असावे या हिशेबाने मी पैसे भरून एक प्रोग्रॅम घेतला. त्या हिशेबाचे काय झाले ते पुढे येईलच.

पहिली पूर्ण इमेज सुमारे ६०० जीबीची झाली. त्यानंतर रोज रात्री इन्क्रिमेंटल बॅकअप, म्हणजे आदल्या बॅकअपनंतर जेवढे बदलले तेवढेच घेण्याची व्यवस्था केली. रोजची फाइल दोन-तीन जीबीची होत असे आणि माझे काम पाहता ते योग्यच होते. पण गुरुवार आला आणि त्या रात्रीची फाइल शंभर जीबीच्या वर गेली. त्या दिवशी मी एका लेखाची प्रुफे तपासण्यापलीकडे काहीही केले नव्हते. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच घडले. २ टीबीची डिस्क, जी मला वर्षभर तरी पुरेल असे वाटले होते, ती दिवाळीपर्यंतही टिकणार नाही असे दिसू लागले.

मी कंपनीच्या मदतकक्षाला लिहिले. त्यांनी आधी लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमने ठेवलेली कामाची नोंद मागितली, ती दिली. मग प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवायला सांगितले, तेही केले. त्यामुळे पूर्ण इमेज आणि तिच्यावर बेतलेले रोजचे बॅकअप यांची साखळी तुटून ६०० जीबीची पूर्ण इमेज नव्याने घ्यावी लागली. त्यानंतर अँटिव्हायरसच्या यादीत प्रोग्रॅमला सूट द्यायला सांगितले गेले. प्रत्येक उत्तराखाली वेगळ्या व्यक्तीचे नाव असे, प्रत्येक व्यक्ती पहिल्यापासून चौकशी सुरू करी आणि पुन्हा तीच लॉग फाइल मागे. उत्तरे मध्यरात्रीनंतर येत, म्हणजे एका प्रश्नाला एक दिवस हा हिशेब ठरलेलाच. मधल्या गुरुवारी डिस्क आणखी शंभर जीबीने भरे. एका उत्तरात तर जुने बॅकअप लवकर पुसण्याची किंवा मोठी डिस्क घेण्याची सूचना होती. आमच्या दुकानदारानेही मला ४ टीबीच्या डिस्कचा भाव सांगितला, पण त्याचा तो धंदाच आहे. कंपनीने मात्र असे सांगावे याचे मला नवल वाटले. ‘गुरुवारीच का?’ हा माझा प्रश्न मी प्रत्येक पत्रात पहिल्या ओळीत लिहीत होते, आणि त्याला एकाही उत्तरात हात लावलेला नव्हता.

शेवटी मीच विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये गेले आणि गुरुवारी कोणकोणती कामे लावलेली आहेत ते एकेक वाचून काढले. तेथे डीफ्रॅगच्या एका मोफत प्रोग्रॅमचे नाव सापडले. संगणक जोडून देणाऱ्या तंत्रज्ञाने व्हिडिओ पाहण्याचा, झिप उघडण्याचा असे दहा प्रोग्रॅम टाकून दिले होते, त्यांतच तोही होता, आणि बसवला जाताच त्याने स्वतःसाठी दर गुरुवारची दुपार राखून ठेवली होती. मी जेवायला उठले की तो डी ड्राइव्हवरच्या फाइली हलवायला घेई.

फाइलीतला मजकूर जराही न बदलता बॅकअप का फुगतो, हे येथे नीट समजून घ्यायला हवे. हार्ड डिस्कवर एनटीएफएस या विंडोजच्या फाइली साठवण्याच्या पद्धतीत जागा सहसा ४ केबीच्या तुकड्यांनी दिली जाते. फाइल वारंवार साठवली की तिचे तुकडे डिस्कभर विखुरतात आणि ती वाचताना डिस्कच्या वाचकशीर्षाला प्रत्येक तुकड्यासाठी वेगळ्या ठिकाणी जावे लागते. अशा एका फेरीला साधारण दहा मिलिसेकंद लागतात, म्हणून डिस्क मंद वाटते. डीफ्रॅग हे तुकडे उचलून सलग मांडतो. इमेज घेणारा प्रोग्रॅम मात्र फाइली पाहत नाही, तर डिस्कवरची प्रत्येक जागा पाहतो. घरातले सामान तेच राहावे, फक्त ते या खोलीतून त्या खोलीत जावे, आणि पंचनामा करणाऱ्याने ते सगळे नवे म्हणून पुन्हा लिहून घ्यावे, असा हा प्रकार आहे. त्यातून माझ्याकडचा हा डीफ्रॅग केवळ तुटलेल्या फाइली जोडून थांबत नव्हता. मोकळी जागा एकत्र करणे, नेहमी लागणाऱ्या फाइली डिस्कच्या आरंभी आणणे असल्या कामांसाठी तो धडधाकट फाइलीही हलवत होता.

खात्री करून घेण्यासाठी मी गुरुवारचे ते काम बंद केले. त्या रात्रीची फाइल दोन जीबीची झाली. शनिवारी मुद्दाम डीफ्रॅग चालवला, तर शनिवारची फाइल फुगली. हे दोन आकडे कंपनीला कळवले, तेव्हा कुठे एका व्यक्तीकडून सरळ उत्तर आले : डीफ्रॅगनंतर असे होणे अपेक्षितच आहे. अपेक्षित होते, तर पहिल्याच उत्तरात डीफ्रॅगविषयी विचारायला काय हरकत होती, असे मी लिहिले. त्यावर मला समाधानाची पातळी एक ते पाच यांपैकी निवडायला सांगणारे पत्र आले. कारण मी शोधले याचा मला अभिमान वाटतो हे मान्य करते, परंतु पैसे भरणाऱ्या ग्राहकाला असा अभिमान वाटण्याची वेळच येता कामा नये.

त्यानंतरची मांडणी झटपट झाली. तो डीफ्रॅगचा प्रोग्रॅम मी काढून टाकला, कारण त्याची गरजच नव्हती. विंडोज व्हिस्टापासून विंडोज हे काम ठरावीक वेळी स्वतःच करते. ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडले की कोणती डिस्क फिरती आहे, कोणती एसएसडी आहे आणि शेवटचे काम कधी झाले, हे सगळे दिसते. मी तेथे आठवड्याऐवजी महिन्याचे वेळापत्रक लावले. एसएसडीवर वेगळा डीफ्रॅग चालवू नये. तिला फिरती तबकडी नसल्यामुळे तुकडे शोधत फिरण्याचा वेळ लागत नाही, आणि फुकट लिहिण्याने तिचे आयुष्य तेवढे कमी होते. विंडोज ७ पासून विंडोज एसएसडी ओळखून तिला ट्रिमची, म्हणजे कोणत्या जागा आता रिकाम्या आहेत हे कळवणारी सूचना देते, ते चालू राहू द्यावे. वेगळा डीफ्रॅग घेण्याचा मोह त्याच्या रंगीत चौकटींमुळे होतो, हे मला पटलेले आहे. १९९३ साली एमएस-डॉस ६ बरोबर आलेल्या डीफ्रॅगपासून विंडोज ९८ पर्यंत ते चौकोन पडद्यावर सरकताना पाहत आम्ही चहा संपवत असू. पाहायला ते छान वाटते, पण माझ्या कामाच्या वेगात त्याने फरक पडल्याचे मला जाणवले नाही.

बॅकअपची विभागणी केली. एसएसडीवरच्या सी ड्राइव्हची इमेज त्याच विकतच्या प्रोग्रॅमने घेते. तेथे डीफ्रॅगची ढवळाढवळ नसल्यामुळे रोजची फाइल लहान राहते. डी ड्राइव्हसाठी फ्रीफाइलसिंक हा दोन ठिकाणच्या फाइली ताडून प्रत करणारा प्रोग्रॅम वापरते. ते फाइलीचा आकार आणि शेवटच्या बदलाची तारीख पाहते. डीफ्रॅगने या दोन्ही गोष्टी बदलत नाहीत, त्यामुळे फाइल डिस्कवर कोठेही सरकली तरी तिची पुन्हा प्रत होत नाही. त्यात पुसलेल्या किंवा बदललेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या वेगळ्या फोल्डरात ठेवण्याची सोय आहे, ती अवश्य चालू करावी. नाही तर चुकून पुसलेली फाइल दुसऱ्या दिवशी बॅकअपमधूनही जाते. ज्यांना डी ड्राइव्हचीही इमेजच हवी असेल त्यांनी आधी डीफ्रॅग, मग पूर्ण इमेज आणि त्यानंतर इन्क्रिमेंटल असा क्रम ठेवावा, आणि पुढचा डीफ्रॅग नव्या पूर्ण इमेजच्या आदल्या दिवशीच करावा.

डिस्क जुनी असेल तर मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती दाखवतो. तेथे पिवळा इशारा दिसला, विशेषतः बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा संशयास्पद जागांचा आकडा शून्याहून अधिक दिसला, तर प्रथम फाइलींची साधी प्रत करून घ्यावी आणि डीफ्रॅगचे नावही काढू नये, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कला त्या कामात तासन्‌तास वाचायला आणि लिहायला लागते. डिस्क धडधाकट असली तरी डीफ्रॅगसाठी तिच्यात सुमारे १५ टक्के जागा मोकळी असावी लागते. विजेचा भरवसा नसलेल्या ठिकाणी यूपीएस असल्याशिवाय मी पूर्ण इमेज सुरू करत नाही.

विकत घेण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. संगणक सुरूच होत नसेल तेव्हा वापरायचा पेन ड्राइव्ह तो प्रोग्रॅम बनवून देतो का, आणि इमेजमधून एकच फाइल काढता येते का, हे चाचणी आवृत्तीतच करून पाहावे. बनवलेला पेन ड्राइव्ह लावून संगणक खरोखर त्यावरून सुरू करावा आणि एक्स्टर्नल डिस्क तेथे दिसते याची खात्री करावी. बॅकअप संपला की ती डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम, तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करू शकतो.

अक्षरजुळणी करणाऱ्यांसाठी आणखी एक सांगते. श्रीलिपीसारख्या, युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फाँटांमध्ये केलेली पाने फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. हे फाँट सी ड्राइव्हवर विंडोजच्या फाँट्स फोल्डरात असतात आणि केवळ कामाच्या फाइलींचा बॅकअप घेतल्यास मागे राहतात. मी ते सगळे डी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरात उतरवून घेतले, त्याच्या शेजारी पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलेशनच्या फाइली ठेवल्या, आणि हा फोल्डर फ्रीफाइलसिंकच्या यादीत सर्वांत वर लावला.