पुढे तू चाल : लांगटांगच्या वाटेवर आम्ही दोघं

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर आहे. आम्ही दोघंही इथलेच. चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, फार तर रामटेकचा गड, एवढीच आमची ओळख. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून नेपाळातल्या लांगटांग खोऱ्यात पायी जायचं ठरवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काहून बाप्पा एवढ्या दूर? पचमढीले जा, महादेवाचं दर्शन घेऊन या."

त्यांचं ऐकलं. तयारीची सुरुवात पचमढीच्या चौरागडापासूनच केली. महाशिवरात्रीला विदर्भातली माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन तो डोंगर चढतात. आम्ही जत्रेची गर्दी ओसरल्यावर, पाठीवर सहा-सहा किलोचं ओझं घेऊन चढलो. हे सायकल चालवणारे, त्यामुळे भरभर पुढे जायचे आणि वळणावर माझी वाट पाहत बसायचे. मी धापा टाकत पोचले की "चल" म्हणून उठायचे. त्यांची विश्रांती झालेली असायची, माझी सुरूही झालेली नसायची. तेव्हा मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकला, तरी पहाटे पाचला फुटाळा तलावावर चक्कर मारायची आणि संध्याकाळी आमच्या चार मजली इमारतीचे जिने, पाण्याच्या बाटल्या पाठीवर घेऊन, वर-खाली करायचे. एवढी तयारी पायांना पुरली. उंचीची तयारी, म्हणजे विरळ हवेची सवय, मात्र नागपुरात होत नाही, ती वर गेल्यावर हळू चालूनच होते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आपल्या वयाच्या माणसांना आधार कार्ड चालत नाही. माझ्या मतदार ओळखपत्रावर अजून माहेरचं नाव होतं, म्हणून मी आधी पासपोर्ट काढला. भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचे १ रुपया ६० पैसे. वर एटीएम नाही, त्यामुळे सगळी रोकड काठमांडूतूनच न्यावी लागते. जाडजूड जॅकेटं आम्ही विकत घेतली नाहीत, काठमांडूच्या ठमेल बाजारात भाड्याने मिळतात. डॉक्टरांना भेटूनच निघालो होतो. उंचीवरच्या त्रासासाठीची डायमॉक्सची गोळी त्यांनी यांना लिहून दिली. मला सल्फाची ॲलर्जी आहे, म्हणून मला ती नको म्हणाले. हे कोणी कोणाचं पाहून घ्यायचं औषध नाही.

काठमांडूहून स्याब्रुबेसीला जाणारी बस दिवसभर घाटात वळत राहते. स्याब्रुबेसी दीड हजार मीटरच्या आसपास. तिथून पायवाट लांगटांग नदीच्या काठाने जंगलात शिरते. आमच्यासोबत तिथल्या तमांग समाजाचा एक वाटाड्या होता, आमच्या मुलाच्या वयाचा. पहिल्या दिवसापासून त्याचा एकच शब्द : "बिस्तारै, बिस्तारै." म्हणजे सावकाश. हे ऐकायचे, हसायचे आणि पुढे निघून जायचे. पहिला मुक्काम लामा हॉटेलला. नाव हॉटेलचं, पण ती झाडीतली छोटी वस्तीच आहे. मी पोचले तेव्हा अंधार पडला होता आणि हे चहा पिऊन मोकळे झाले होते. मला रडू आलं. थकवा होता, पण त्याहून जास्त एकटेपण होतं. दिवसभर मी नवऱ्यासोबत चाललेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी घोडातबेल्याला, सुमारे तीन हजार मीटरवर, मी बोलले. "अहो, तुम्ही थांबता ते माझ्यासाठी नाही थांबत. मी आले की तुम्ही निघता. मला बसायलाच मिळत नाही." हे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्या डोक्यातच नाही आलं गं. उद्यापासून पुढे तू चाल." एवढ्याशा बोलण्यासाठी मी चौरागडपासून थांबले होते. वाटाड्या म्हणाला, आज इथेच राहा. आम्ही राहिलो. तीन हजार मीटरच्या वर गेलं की रोजचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असं डॉक्टरांनीही बजावलं होतं.

मी पुढे चालू लागले आणि वाटेत माणसं दिसायला लागली. डोको, म्हणजे विणलेली टोपली, पाठीवर घेतलेल्या बायका, वाळत घातलेला लसूण, खांबांवरचे फडफडते झेंडे. एका लॉजच्या चुलीशी मी घरून आणलेलं सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवत होते. तिथली दीदी वाकून पाहायला लागली, मग आत जाऊन त्साम्पा घेऊन आली, भाजलेल्या जवाचं पीठ. तिने ते लोणी-मिठाच्या चहात कालवून दिलं. आपलं सातू गव्हा-डाळीचं आणि गोड, तिचं खारट, पण भाजल्या पिठाचा वास तोच. मी तिला संत्राबर्फी दिली. तिने एक तुकडा चाखला आणि बाकीची मुलांसाठी कपाटात ठेवली.

लांगटांग गाव ३,४३० मीटरवर आहे. त्याच्या आधी अर्धा-पाऊण तास वाट फक्त दगडांवरून जाते. ते दगड म्हणजेच जुनं गाव. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने लांगटांग लिरुंग शिखराकडचा बर्फ आणि दरड खाली आली आणि शेकडो माणसांसह सगळं गाव गाडलं गेलं. कड्याखालच्या आडोशाला असलेलं एकच घर उभं राहिलं. आताचं गाव जरा वर, नव्याने बांधलेलं आहे. गेलेल्यांची नावं दगडावर कोरून ठेवली आहेत. त्या वाटेवर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. चालताना पायाखाली लोकांची घरं आहेत, हे मनातून जात नव्हतं. या गावात राहायचं, तिथलंच जेवायचं, चार पैसे तिथल्याच चुलीला द्यायचे, हे मला त्या दिवशी पटलं. खोली अगदी स्वस्त देतात, पण जेवण तिथेच घ्यायचं, हा त्यांचा व्यवहार आहे. वर जावं तसा दाल-भात महागतो, कारण त्यातला बराच माल खच्चर किंवा माणसाच्या पाठीवरून आलेला असतो. कृपा करून घासाघीस करू नका.

त्या रात्री यांनी दाल-भात अर्धा टाकला. पंचवीस वर्षांत मी यांना ताटात भात टाकताना पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "डोकं दुखून राहिलं का?" "नाही गं, थंडीनं." हातमोजे काढताना बोटं चुकत होती. मी पुन्हा विचारलं, तेव्हा कबूल झाले : दुपारपासून डोकं ठणकतंय, मळमळतंय. आणि डायमॉक्स? "काही होत नव्हतं म्हणून घेतलीच नाही." मला राग आला, आणि राग यायच्या आधी भीती वाटली. वाटाड्याने यांना अंगणात सरळ रेषेत चालायला लावलं, एका पायाच्या चवड्याला दुसऱ्याची टाच लावत. तोल गेला नाही. तोल गेला असता किंवा बसल्या जागी धाप लागली असती, तर रात्रीच खाली उतरावं लागलं असतं. तोल नीट होता म्हणून गोळी, पाणी, आराम, आणि ठरलं की डोकेदुखी पूर्ण उतरेपर्यंत वर एक पाऊल टाकायचं नाही. रात्रभर मी यांचा श्वास ऐकत होते. झोपेत मध्येच थांबायचा, मग एकदम खोल यायचा. उंचीवर असं पुष्कळांना होतं, असं वाटाड्याने सकाळी सांगितलं. रात्री मला ते माहीत नव्हतं.

एक अख्खा दिवस आम्ही लांगटांगला नुसते उन्हात बसलो. दुसऱ्या दिवशी डोकं हलकं झालं, भूक लागली, तेव्हा मुंडू गावावरून क्यांजिन गोंपा या वरच्या वस्तीला गेलो, सुमारे ३,८७० मीटर. इतक्या हळू आम्ही कधी रामटेकलाही चाललो नव्हतो. वर क्यांजिन री नावाचा डोंगर आहे, त्याची पहिली टेकडी ४,३०० मीटरच्या आसपास. पहाटे यांचं डोकं पुन्हा किंचित जड होतं, आणि या वेळी यांनी स्वतःहून सांगितलं. मी म्हटलं, मीही थांबते. हे म्हणाले, "तू जा. मी गच्चीवर बसतो. तिथून मला दिसशील."

गेले मी वाटाड्यासोबत. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. वर पोचले तेव्हा समोर लांगटांग लिरुंग, सात हजार मीटरवर चढलेला, आणि खाली क्यांजिनची निळी-लाल पत्र्याची छपरं. त्यातल्या एका गच्चीच्या कठड्यावर पांढरा दुपट्टा पसरलेला होता. नागपूरच्या उन्हात डोक्याला बांधतात तोच, यांचा. मी हात हलवला. इतक्या लांबून दिसला नसणार, पण दुपट्टा उचलला गेला आणि हलायला लागला.

उतरताना लांगटांगजवळची मणी-भिंत लागली, मंत्र कोरलेल्या शिळांची लांबच लांब भिंत. देवळात प्रदक्षिणा घालतो तशी ती उजव्या हाताला ठेवून चालायचं. त्यामुळे येताना एक बाजू दिसते आणि परतताना दुसरी. येताना माझं लक्ष नीट पाऊल टाकण्याकडे होतं, परतताना आम्ही शेजारी शेजारी होतो आणि हे प्रत्येक शिळेपाशी थांबत होते.