एचआयएन सापडत नाही, कागदही नाहीत: अमेरिकेत जुन्या बोटीचं टायटल कसं मिळवायचं

अमेरिकेत जुनी बोट फुकटातही मिळते, टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, फुकटात मिळत नाही. 'ट्रेलरसकट न्या, कागद नाहीत' अशा जाहिराती दर उन्हाळ्यात असतात. तळ्याकाठी राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी दरवर्षी अशी बोट घरी आणतं आणि मग विचारतं, पुढे काय? उत्तर लांबलचक आहे, पण त्याचा गाभा एकच: राज्याकडे नवा नंबर मागायला जाण्याआधी बोटीच्या अंगावरचा जुना ओळख क्रमांक, म्हणजे एचआयएन, जिवापाड शोधा. बोटीचा सगळा इतिहास त्या नंबरवर टांगलेला असतो. मालक कोण होता, कर्ज होतं का, चोरीची तक्रार आहे का, हे सगळं त्याच नंबरवरून कळतं. नवा नंबर घेतला की हा इतिहास तुटतो. पुढे जुना नंबर बोटीत कुठे निघाला, तर एकाच बोटीला दोन ओळखी होतात आणि ते निस्तरणं फार कटकटीचं असतं.

सगळ्यात आधी एक पाहा: तुमच्या राज्यात या बोटीला टायटल लागतं तरी का? रजिस्ट्रेशन वेगळं, टायटल वेगळं. न्यूयॉर्कमध्ये १९८७ किंवा त्यानंतरच्या मॉडेलच्या आणि किमान १४ फूट लांबीच्या बोटींनाच टायटल असतं. मिशिगनमध्ये २० फूट किंवा त्याहून लांब बोटीला, किंवा इंजिन कायमचं बसवलेलं असेल तर लागतं. न्यू जर्सीत मर्यादा १२ फुटांची आहे. टेक्सासमध्ये तर बोटीबरोबर आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावलेल्या, मोटरलाही स्वतंत्र टायटल असतं. त्यामुळे तिथे जुनी बोट घेताना दोन कागद मागायचे असतात, आणि लोक हमखास दुसरा विसरतात. १९८२ सालची १८ फुटी बोट न्यूयॉर्कमध्ये नुसत्या रजिस्ट्रेशनवर चालू शकते, न्यू जर्सीत चालणार नाही. लांबी मोजताना पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मध्यरेषेला समांतर सरळ माप घ्या. पुढे आलेला दांडा (बोस्प्रिट), सुकाणू (रडर), मोटरचा ब्रॅकेट यात धरायचा नाही. १९ फूट १० इंच आणि २० फूट यांतला फरक मिशिगनमध्ये अख्ख्या प्रक्रियेचा फरक आहे.

आता नंबर. १ नोव्हेंबर १९७२ नंतर अमेरिकेत बांधलेल्या बोटींवर बारा अक्षरा-अंकांचा एचआयएन, म्हणजे हलचा (बोटीच्या बाहेरच्या कवचाचा) ओळख क्रमांक, असायलाच हवा. जागा ठरलेली आहे: ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीच्या, बाहेरच्या अंगाला उजवीकडे, वरच्या कडेपासून दोन इंचांच्या आत. उजवी बाजू नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून धरायची. मागून ट्रान्समकडे पाहत उभे राहाल तेव्हाही ती तुमच्या उजव्याच हाताला येते. ट्रान्सम नसलेल्या, दोन्ही टोकं निमुळत्या बोटीत हा नंबर उजव्या कुशीवर, मागच्या टोकापासून फूटभराच्या आत असतो. पॉन्टून बोटीत, म्हणजे पोकळ नळकांड्यांवर तरंगणाऱ्या बोटीत, मागच्या आडव्या तुळईवर, उजव्या पॉन्टूनच्या जोडाजवळ. अक्षरांची उंची किमान पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास.

इतक्या ठळक जागेवरचा नंबर जातो कुठे? बहुतेक वेळा तो गेलेला नसतो, झाकलेला असतो. रंगाचे दोन-तीन थर चढलेले असतात, नाहीतर शिडीचा किंवा स्विम प्लॅटफॉर्मचा ब्रॅकेट नेमका त्याच्यावर बसवलेला असतो. खरोखर जातो तो ट्रान्सम बदलताना. फायबरग्लासच्या थरांमधलं प्लायवूड कुजतं, बाहेरची कातडी कापून नवीन प्लायवूड घालतात, आणि त्या कापलेल्या तुकड्याबरोबर नंबर कचऱ्यात जातो. काही कारखाने नंबराची पट्टी रिव्हेटने ठोकत. तिथे पट्टी गेली तरी रिव्हेटची दोन भोकं किंवा पुट्टीचे दोन ठिपके राहतात.

शोधायची रीत अशी. अंधार पडल्यावर टॉर्च ट्रान्समला जवळजवळ चिकटवून आडवी धरा आणि हळूहळू फिरवा. गेलकोटमध्ये, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत थरात, दबलेली अक्षरं सावलीने उठतात. दिवसा समोरून पाहिलं तर तीच दिसत नाहीत. संशय आला की पातळ कागद टेपने चिकटवा आणि मऊ शिसपेन्सिल, सहा बी असेल तर उत्तम, आडवी धरून हलक्या हाताने घासा. तरीही उमटलं नाही तर रंग काढावा लागेल. इथे सँडर अजिबात लावू नका. अक्षरं उथळ असतात. सँडर रंगाबरोबर कडाही खाऊन टाकतो, आणि पुढे तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला तो घासलेला चौकोन नंबर खोडल्यासारखा दिसतो. फायबरग्लासवर चालणारा पेंट स्ट्रिपर आणि प्लॅस्टिकचा स्क्रॅपर वापरा. साधा जहाल स्ट्रिपर गेलकोटलाच मऊ करतो. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा.

१ ऑगस्ट १९८४ पासून हाच नंबर दुसऱ्यांदा, आत लपलेल्या जागी किंवा एखाद्या फिटिंगखाली लावणं सक्तीचं झालं. तो कुठे आहे हे कारखाना जाहीर करत नाही, कारण चोरालाही ते कळू नये. क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंटीखाली), मागच्या दिव्याच्या बैठकीखाली, ट्रान्समच्या आतल्या अंगाला, बिल्जच्या, म्हणजे तळाच्या पोकळीच्या, कडेला, नांगराच्या कप्प्यात पाहा. बोट १९७९ ची असेल तर या दुसऱ्या नंबरासाठी ती खिळखिळी करू नका. तेव्हा तो लावायची सक्तीच नव्हती.

नंबर अर्धवट मिळाला तरी तो वाचता आला पाहिजे. पहिली तीन अक्षरं कारखान्याची: बीडब्ल्यूसी म्हणजे बॉस्टन व्हेलर, सीटीवाय म्हणजे कॅटलिना. बाकीच्यांचे कोड तटरक्षक दलाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. पुढची पाच जागा अनुक्रमांकाची. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. म्हणून अनुक्रमांकात गोल दिसलं की ते शून्य. जुन्या रजिस्ट्रेशनवर कारकुनाने शून्याऐवजी ओ टाइप केलेला असतो आणि मग राज्याच्या संगणकात बोट 'सापडत नाही'. शोध दोन्ही तऱ्हांनी घ्यायला सांगा.

शेवटच्या चार जागा तारखेच्या, आणि इथे भलेभले चुकतात. समजा नंबर सीटीवाय-०४३१२-एम७७ई असा आहे. एम हे जुन्या पद्धतीचं चिन्ह, ७७ हे मॉडेल वर्ष, आणि ई हा महिना. पण या पद्धतीत वर्ष ऑगस्टपासून सुरू होतं: ए म्हणजे ऑगस्ट, म्हणून ई म्हणजे डिसेंबर. बोट डिसेंबर १९७६ ची, मॉडेल १९७७ चं. १९८४ नंतरच्या पद्धतीत सीटीवाय-०४३१२-ई६८६ असेल तर ए म्हणजे जानेवारी, ई म्हणजे मे, ६ म्हणजे १९८६ आणि मॉडेल वर्ष ८६. ई तोच, महिना वेगळा. जुन्या बोटींवर तिसरीही एक पद्धत दिसते, त्यात शेवटी नुसते चार अंक असतात: महिना आणि वर्ष. अर्जात चुकीचं वर्ष लिहिलं की तो नंबराशी जुळत नाही आणि परत येतो.

एचआयएन नाहीच मिळाला तर बोटीवरच्या बाकीच्या खुणा गोळा करा. नाळेच्या दोन्ही बाजूंचे तीन इंची रजिस्ट्रेशन नंबर सर्वांत मोलाचे. सुरुवातीची दोन अक्षरं राज्य सांगतात. त्या राज्याकडे नंबर देऊन नोंदीचा शोध मागता येतो आणि तिथल्या फायलीत एचआयएन असतो. अक्षरं सोलून काढली असतील तर उन्हाने फिकट झालेल्या हलवर त्यांचा गडद ठसा उरतो; तोही टॉर्चने दिसतो. कॅटलिना २२ सारख्या वन-डिझाइन, म्हणजे सगळ्या एकाच आराखड्याच्या, बोटीच्या शिडावरचा नंबर बहुधा हलच्या अनुक्रमांकाशी जुळतो. शीड दुसऱ्या बोटीचं असू शकतं, म्हणून तो पुरावा नव्हे, दिशा समजा. ट्रेलरच्या प्लेटवरूनही जुन्या मालकाचं नाव लागू शकतं. मात्र ट्रेलरचं टायटल हे बोटीचं टायटल नव्हे.

नाळेवर नंबरच नाही, पण मागे बोटीचं नाव आणि बंदराचं नाव रंगवलंय? मग ती तटरक्षक दलाकडे डॉक्युमेंटेड, म्हणजे राज्याऐवजी केंद्राकडे नोंदलेली, असण्याची दाट शक्यता आहे. पाच नेट टन किंवा अधिक मापाच्या बोटी, म्हणजे साधारण २५ फुटांच्या पुढच्या, तिथे नोंदवता येतात. अशा बोटीत आतल्या एखाद्या मजबूत तुळईवर तीन इंची अंकांत अधिकृत क्रमांक असतो. तो घेऊन वेस्ट व्हर्जिनियातल्या फॉलिंग वॉटर्स इथल्या नॅशनल व्हेसल डॉक्युमेंटेशन सेंटरकडून टायटलचा गोषवारा मागवा. त्यात सगळ्या विक्री आणि सगळी गहाणं ओळीने येतात. वीस वर्षांपूर्वीचं फेडलेलं कर्जही, बँकेने मुक्ततेचा कागद दाखल केला नसेल तर, तिथे उभंच असतं. आणि बोटीची डॉक्युमेंटेशनची नोंद रद्द झाल्याशिवाय राज्य आपलं टायटल देत नाही.

मालक सापडला की साखळी जोडायची. शेवटचा नोंदलेला मालक ते तुम्ही, मधल्या प्रत्येक हाताचं बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीचा कागद, हवं. त्यावर दोघांची पूर्ण नावं आणि पत्ते, तारीख, किंमत, बोटीची कंपनी, वर्ष, लांबी, एचआयएन किंवा रजिस्ट्रेशन नंबर, आणि सही. राज्याला नोटरी लागत नसली तरी करून घ्या. विकणारा पुन्हा भेटेलच असं नाही. मधला एक माणूस गाळून पहिल्याकडून थेट स्वतःच्या नावे कागद करून घ्यायचा मोह होतो. तसं करू नका, तो खोटा कागद ठरतो. मालक वारला असेल तर मुलाची नुसती सही चालत नाही. मालमत्तेचा कारभार त्याच्याकडे असल्याचा कोर्टाचा कागद किंवा छोट्या मालमत्तेच्या वारसांसाठीचं प्रतिज्ञापत्र (स्मॉल इस्टेट अॅफिडेव्हिट) जोडावं लागतं.

सगळं करूनही नंबर मिळाला नाही, किंवा बोट १९७२ च्या आधीची असून तिला फक्त कारखान्याचा अनुक्रमांक आहे, तर राज्याकडून नवा एचआयएन घ्यायचा. त्याची पहिली तीन अक्षरं राज्याची दोन आणि झेड अशी असतात: मिशिगनचा एमआयझेड, फ्लोरिडाचा एफएलझेड. अर्जाबरोबर चारही बाजूंचे फोटो, ट्रान्समचा जवळून फोटो, मापं आणि मालकीचे जे असतील ते कागद द्या. अधिकारी प्रत्यक्ष तपासणी करतो. कोण करतो हे राज्यावर आहे: फ्लोरिडात वन्यजीव आयोगाचे अधिकारी, इतरत्र पोलीस किंवा शेरीफ. तपासणीआधी ट्रान्सम रंगवू नका. कुजलेला, खरवडलेला ट्रान्सम जसा आहे तसा दाखवला तर नंबर कसा गेला हे अधिकाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. ताज्या रंगाने नुसता संशय वाढतो. आतला दुसरा नंबर मिळालेला असेल तर तो दाखवा आणि तोच पुन्हा बाहेर लावायची परवानगी मागा. स्वतःहून कोरू नका. तटरक्षक दलाच्या परवानगीशिवाय एचआयएन काढणं किंवा बदलणं बेकायदा आहे.

मालकीचा पुरावाच अपुरा असेल तर काही राज्यांत बाँडवर टायटल मिळतं. टेक्सासमध्ये ही सोय बोटींना आहे. बोटीच्या किमतीवर ठरलेल्या रकमेचा जामीनरोखा विमा कंपनीकडून घ्यायचा; तुम्ही भरता तो त्याचा हप्ता, पूर्ण रक्कम नव्हे. खरा मालक उगवला तर भरपाई त्या रोख्यातून होते, आणि कंपनी ती तुमच्याकडून वसूल करते. जिथे ही सोय नाही तिथे कोर्टातून मालकी ठरवून घ्यावी लागते. तेराशे डॉलरच्या बोटीसाठी वकील परवडत नाही, तेव्हा हा हिशोब बोट घरी आणण्याआधी करा.

'तुझ्या आवारात पडलीये म्हणजे तुझीच' हे कुठल्याच राज्यात खरं नाही. बेवारस बोटीसाठी नोंदणीकृत पत्र, ठरलेली मुदत, कधी वर्तमानपत्रात नोटीस अशी प्रत्येक राज्याची स्वतःची पद्धत आहे. ती संपण्याआधी बोटीवर केलेला खर्च कायद्याने तुमचा राहीलच असं नाही. पैसे घेऊन दुसऱ्याच राज्यातून कागद काढून देणाऱ्या सेवांपासूनही लांब राहा. तुम्ही न राहिलेल्या, बोट न गेलेल्या राज्याचा कागद आपल्या राज्यात नाकारला गेला की पैसे गेले आणि साखळीत आणखी एक खोटी कडी जोडली गेली.

विकणाऱ्याला पैसे देण्याआधी एचआयएन, नाळेवरचा नंबर आणि ट्रेलरचा नंबर स्थानिक पोलिसांकडून चोरीच्या नोंदीत तपासून घ्या. विकणारा या तपासणीला नको म्हणाला तर बोट तिथेच सोडा. नवा नंबर हाती आला की ट्रान्समचं काम पूर्ण करून, रंग वाळल्यावरच पट्टी त्याच ठरलेल्या उजव्या कोपऱ्यात बसवा. ती इपॉक्सी आणि रिव्हेट दोन्हींनी बसवा, काढायला गेलं तर खूण राहील अशी. रिव्हेटच्या भोकांत सीलंट भरा, नाहीतर तिथूनच पाणी शिरून नवं प्लायवूड पुन्हा कुजायला लागेल.