दोरीला झोळ हवा

गेल्या पावसात पडवीत कपडे वाळत घालायला नवी नायलॉनची दोरी बांधली. जुनीला झोळ पडला होता, म्हणून ही भिंतीला पाय लावून, दातओठ खाऊन ताणली. तार वाजावी तशी वाजत होती. आईने मधोमध भिजलेली चादर टाकली आणि अर्ध्या तासात चिऱ्याच्या भिंतीतली खुंटी उपटून आली. चादर थेट पागोळ्यांखालच्या चिखलात.

मी मालवणात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे सांगायलाही लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंच.

फळ्यावर पडवी, भिंत, चादर काहीच काढायचं नाही. चादर जिथे लटकते तेवढा दोरीचा एक ठिपका काढायचा. त्याला कोण कोण ओढतंय? खाली चादरीचं वजन, डावीकडे वर दोरी, उजवीकडे वर दोरी. तीन बाण, संपलं. ओली चादर ४ किलोची धरली तर खाली ४० न्यूटन (बल मोजायचं एकक; एका किलोचं वजन साधारण १० न्यूटन). दोन्ही बाजूंच्या ताणाचे आडवे घटक, म्हणजे ताणाचा आडव्या दिशेतला वाटा, एकमेकांना खाऊन टाकतात. चादर पेलतात ते फक्त उभे घटक, प्रत्येकी २० न्यूटन. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ताण ४० न्यूटन. पण माझ्या ३ मीटरच्या दोरीला मध्ये जेमतेम १३ सेंटीमीटर झोळ होता, म्हणजे कोन ५ अंश. २० भागिले साइन ५: सुमारे २३० न्यूटन! चादर ४ किलोची, आणि खुंटीला मात्र २३ किलोचं ओझं टांगल्यासारखी ओढ.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांची अकरावीत भलतीच पंचाईत होते. 'घटक' एका रात्रीत 'कंपोनंट' होतो. 'नॉर्मल रिअ‍ॅक्शन' म्हणजे नेहमीची, साधी प्रतिक्रिया असं एका मुलीने वर्षभर समजून घेतलं होतं. इथे नॉर्मल म्हणजे पृष्ठभागाला लंब, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उतारावरच्या ठोकळ्याला तर निम्मा वर्ग पाच बाण काढतो: वजन, त्याचे दोन घटक, लंब बल आणि एक 'पुढे जाण्याचं बल'. घटक काढले की मूळ बाण खोडायचा, नाहीतर तेच वजन दोनदा मोजलं जातं. आणि त्या पाचव्या बाणाला मी एवढंच विचारतो, तुझा मालक कोण? दोरी, हात, जमीन, पृथ्वी, कुणीतरी सांग. मालक नसेल तर बाण पुसायचा. उतारावरचा ठोकळा किती जोराने खाली ओढला जातो, हे कोडं १५८६ साली सिमॉन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने उतारावर टाकलेल्या साखळीची कल्पना करून सोडवलं. याच माणसाने पुढे हॉलंडच्या किनाऱ्यावर वाळूत धावणारी शिडाची गाडी बनवली होती. मला हा गृहस्थ आपल्याकडचाच वाटतो.

तर चादरीचं गणित झालं आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, सहसा न बोलणारा, म्हणाला, "सर, ह्यां रापणीसारख्या."

घरची रापण आहे त्याच्या, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही टोकांनी ओढायचं मोठं जाळं. म्हटलं, ये, काढ. त्याने किनारा काढला, पाण्यात जाळ्याचा अर्धगोल, दोन्ही टोकांच्या दोऱ्या आणि त्या ओढणारी दोन टोळकी. "लांब लांब रवान वडलास तर जोर फुकट जाता." म्हणजे एकमेकांपासून लांब उभं राहून ओढलं तर. मग स्वतःच बाण फोडले. दोरी समुद्राकडच्या सरळ रेषेशी ६० अंशांत असेल तर १०० न्यूटनमधले ५० च जाळं किनाऱ्याकडे आणतात. बाकीची ओढ समोरच्या टोळक्याशी रस्सीखेच. ३० अंशांवर ८७ कामी येतात. टोळकी ओढता ओढता जवळ सरकतात ती जाळ्याचं तोंड मिटावं, मासळी निसटू नये म्हणून, हे त्यानेच वर्गाला बजावलं. कोसाइनचा फायदा वरचा.

"आणि पाण्याचा बाण?" मी विचारलं. त्याने खडू उलटा धरून जाळ्यापासून समुद्राकडे एक लांबलचक बाण काढला. मालक: पाणी.

घरी खुंटी सिमेंटमध्ये नव्याने बसवली आणि दोरीला मुद्दाम चांगला हातभर झोळ ठेवला. आता चादरीची टोकं जमिनीला लागतात. आई रोज विचारते, दोरी ताठ बांधायला काय होतं तुला?